ठाण्यात वडापावच्या गाड्यांवरचं वापरलेलं तेल डिझेल टेम्पोत चालेल का?

चालेल, पण बायोडिझेल करूनच. कढईतलं तेल गाळून डायरेक्ट टाकीत ओतू नका, ते डिझेलपेक्षा खूप घट्ट असतं, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर चोक होतात. तेल गरम करून त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ढवळतात, मग खाली काळपट ग्लिसरीन बसतं आणि वरचं धुवून सुकवलं की झालं बायोडिझेल. घरी करू नका प्लीज, मिथेनॉल विषारी असतं आणि पटकन पेटतं.

माझ्या काकांचा तुर्भे मार्केटला भाजीचा जुना टेम्पो आहे, त्यांनी डिझेल-बायोडिझेल मिक्स भरायला घेतलं आणि आठवड्याभरात गाडी पिकअपच घेईना, फिल्टर उघडला तर आत नुसता काळा चिखल, कारण बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं. फिल्टर बदलला, मग मस्त चालली. म्हणून डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलपासून सुरू करा, एक फिल्टर जवळ ठेवा, जुने रबरी पाइप आधी बघून घ्या.

सरकारच्या २०१८ च्या धोरणातही २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचंच टार्गेट आहे. आणि तेच तेल परत परत तळून आपल्या पोटात जाण्यापेक्षा टाकीत गेलेलं कधीही बरं, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.