समेवर भेटतात कसे?

प्रश्न : मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी होणाऱ्या संगीत सभेला यंदा पहिल्यांदाच गेलो. गाणं मनापासून आवडलं. पण गाणाऱ्या बाई कुठल्या कुठे निघून जायच्या आणि नेमक्या एका ठिकाणी तबलजींबरोबर येऊन पोचायच्या. आजूबाजूचे ‘वाह’ म्हणायचे, मी त्यांच्या मागून. हे सगळं आधी बसवलेलं असतं का? ते ठिकाण मला कसं कळेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बसवलेलं नसतं. ठरलेलं असतं ते फार थोडं : राग, ताल आणि बंदिशीच्या स्थायी-अंतऱ्याच्या चार ओळी. तबलजींना तर पुष्कळदा मंचावर बसल्यावरच ताल आणि लय सांगतात, आणि तेवढं त्यांना पुरतं.

तुम्ही विचारता ते ठिकाण म्हणजे सम, तालाच्या आवर्तनाची (एका पूर्ण फेरीची) पहिली मात्रा. बाई कितीही लांब गेल्या तरी परतताना बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, म्हणजे मुखडा, घेऊनच समेवर येतात. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत मुखडा पाठ करून टाका. बाकीचे शब्द कळले नाहीत तरी चालेल.

आता ठेका, म्हणजे तबल्यावर फिरून फिरून वाजणारे तालाचे ठरलेले बोल. बडा ख्याल, म्हणजे सुरुवातीचं संथ गाणं, बहुतेक वेळा विलंबित एकतालात असतो. मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं. बोटांवर मोजायला जाल तर गाणं हातचं जाईल. त्याऐवजी बोल ऐका : धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. यात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. मधे सातवीला ‘कत्’ आहे. ‘कत्’ कानावर पडलं की पुढचं तिरकिट दुसरं, हे नक्की. त्यानंतर ‘धी ना’ एवढंच उरतं, आणि मुखडा उचलला जातो तो साधारण याच सुमारास. तिथे कान टवकारून बसा.

छोट्या ख्यालात, म्हणजे त्यानंतरच्या जलद बंदिशीत, तीनताल लागला तर आणखी सोपं. सोळा मात्रांपैकी दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत (तिं तिं ता ता) डग्गा (डाव्या हाताचा तबला) बंद असतो आणि चौदावीला ‘धिं’वर पुन्हा घुमतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सुरुवातीला टाळ्या शिकवतच नाही. डोळे मिटून नुसता डग्गा ऐकायला लावते. तो परत आला की सम तीन मात्रांवर आहे हे चार-सहा आवर्तनांत अंगात भिनतं.

तिहाईसुद्धा, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, घरी करून बघा. तीनताल हातावर धरा आणि तिसऱ्या मात्रेपासून ‘एक दोन तीन चार पाच’ असं सलग तीनदा म्हणा. शेवटचा ‘पाच’ बरोबर समेवर पडेल. मुरलेल्या कलावंताला हा हिशेब करावा लागत नाही. रियाजाने तो अंगवळणी पडलेला असतो.

आणि त्या ‘निघून जातात’ तेव्हा काय करतात? ज्या दर्ग्यात तुम्ही बसला होतात, त्याच आवारात अब्दुल करीम खाँसाहेब 1937पासून विसावले आहेत. त्यांच्या किराणा घराण्यात स्वर एकेक करून उलगडतात : आधी षड्जाच्या (सा) आसपास, मग मंद्रात (खालच्या सप्तकात), मग रिषभ (रे), गंधार (ग) असं चढत. एखाद्या स्वरावर बाई तीन-चार आवर्तनं रेंगाळतात आणि वरचा स्वर मुद्दाम राखून ठेवतात. याला बढत म्हणतात. ती तिथल्या तिथे सुचत जाते, म्हणून तोच राग उद्या गायला तर वेगळा होतो. पुढच्या सभेत तार षड्ज (वरचा सा) कधी लागतो याची वाट बघा. बढत कळायला लागली याची ती खूण.

प्रश्न : मुलगी भूप शिकते आहे. देशकारातही सा रे ग प ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत म्हणे. मग दोन राग कशाला?
— एक आई, फोंडा

उत्तर : स्वर तेच, पण वस्ती वेगळी. भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा : ग, रे सा, ध़ सा रे ग. देशकार सकाळचा. त्याचा जीव धैवतात (ध), चलन वरच्या अंगाचं, आणि रिषभावर तो थांबत नाही : ध, ध प, ग प ध प. वादी-संवादीचे (रागातल्या मुख्य आणि दुय्यम स्वरांचे) तक्ते तिच्याकडून इतक्यात घोकून घेऊ नका, परीक्षेपुरते ते पुढे येतीलच. किशोरीताई आमोणकरांचा भूप महिनाभर घरात लावा. आणि ती गाताना धैवतावर जास्त वेळ रमायला लागली, तर तिला गंधारावर परत आणा. देशकार तिथूनच डोकावतो.