मदत मागताना कामाचं नाव घ्या

वाचकांचे प्रश्न : मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस)

(मला एमएस होऊन १९ वर्षं झाली. त्यातली १४ वर्षं मी एमएसच्या रुग्णांना आधार देणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. मी डॉक्टर नाही. औषधांचं काय ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा. बाकीचं मला जे कळलं ते सांगते.)

प्रश्न : ताई, माझ्या मिस्टरांना आठ महिन्यांपूर्वी एमएसचं निदान झालं. वय ३६. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, पण दुपारनंतर ते अगदी गळून जातात. घरातले म्हणतात, 'तरुण माणूस, एवढं काय होतंय त्याला?' जवळच एमएसच्या रुग्णांची एक संस्था आहे, पण हे जायला तयार नाहीत. 'तिथे व्हीलचेअरवरची माणसं बघायची आणि घरी येऊन रात्रभर जागं राहायचं, त्यापेक्षा नकोच,' म्हणतात. मी काय करू?

उत्तर : मिस्टरांच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण तीच भीती घेऊन मीही गेले होते. पहिल्या दिवशी मी मुद्दाम दाराजवळची खुर्ची धरली, केव्हाही उठून जाता यावं म्हणून. समोर व्हीलचेअरवर एक बाई होत्या. त्यांच्याकडे बघायचं नाही, असं ठरवूनच मी बसले होते. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "उजवा पाय ओढतेस ना गं? बुटाचं टोक बघ." मी वाकून पाहिलं. उजव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलं होतं, डावा बूट जसाच्या तसा. सहा महिने मी उंबरठ्याला अडखळत होते आणि स्वतःलाच वेंधळी म्हणत होते. घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, तपासणीत मी कधी बोलले नव्हते. पाऊल वर उचलणारे स्नायू नीट काम करत नाहीत, त्यामुळे पाऊल खाली लोंबतं आणि चालताना टोक जमिनीला घासतं, हे त्यांनी मला समजावलं. फिजिओथेरपिस्टना नेमकं काय विचारायचं तेही सांगितलं. पुढे घोट्याला आधार देणारा स्प्लिंट मिळाला आणि माझं पडणं थांबलं.

त्या बाई स्वतःच्या घरात काठी घेऊन चालत असत. लांब जायचं असलं की व्हीलचेअर घेत, पोचल्यावर बोलायला अंगात बळ उरावं म्हणून. हे त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत व्हीलचेअर म्हणजे सगळं संपलं, असंच मी धरून चालले होते. मिस्टरांना हे जरूर सांगा, पण ओढून नेऊ नका. आधी तुम्ही एकट्या जा. रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसालाही तिथे तितकीच जागा असते, आणि तुम्हालाही कोणाशी तरी बोलायची गरज आहे, हे तुमच्या पत्रावरून दिसतंय.

आता घरातल्यांचं. एमएसचं निदान बहुतेकांना २० ते ४० या वयात होतं, म्हणजे तो मुळात तरुणांनाच गाठणारा आजार आहे. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंभोवतीच्या मायलिन नावाच्या आवरणावरच हल्ला करते. घरच्यांना समजावताना मी पाटाच्या पाण्याचं सांगते. पाट जागोजाग फुटला की पाणी टोकाच्या वाफ्यापर्यंत पोचतं, पण उशिरा आणि कमी, आणि तेवढं पोचवायलाही वरून जास्त सोडावं लागतं. शर्टाचं बटण लावणं यासारख्या साध्या कामालाही मिस्टरांच्या मेंदूला असंच जास्त सोडावं लागतं. त्या थकव्याचा आळसाशी काही संबंध नाही आणि तो झोप काढूनही पूर्ण जात नाही.

त्यात अंग तापलं की भर पडते. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी लिहून ठेवलं होतं की काही रुग्णांची नजर श्रमानंतर मंद होते. शरीराचं तापमान वाढणं हे त्याचं कारण असल्याचं पुढे स्पष्ट झालं. अर्धा अंश वाढलं तरी काहींना पुरतं. अंग निवलं की बहुधा नजर पूर्ववत होते, पायांत बळ येतं. म्हणून अवघड कामं सकाळी, अंघोळीचं पाणी कोमट, मानेला ओला रुमाल. अंघोळ बसून करावी, न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा पक्का ठोकून घ्यावा. 'पडल्यावर बघू' म्हणून थांबू नका.

दोन आठवडे एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहायला सांगा : किती वाजता गळून गेले, त्याआधी काय करत होते, किती वेळानं बरं वाटलं. ही वही डॉक्टरांना दाखवा, ऑफिसात दाखवा, घरातल्या शंकेखोरांनाही दाखवा. माझ्या कामाच्या ठिकाणी साहेबांशी वर्षभर वाद घालून जे जमलं नव्हतं, ते वहीची चार पानं दाखवल्यावर जमलं. दुपारी अर्धा तास आडवं व्हायची सवलत मिळाली.

संस्थेत गेलात की 'आम्हाला मदत हवी' असं म्हणू नका. तसं म्हटलं की समोरचा हळहळतो, पाणी देतो, आणि दोघांनाही पुढे काय बोलावं सुचत नाही. 'पुढच्या एमआरआयला कोणी सोबत येईल का', 'सवलतीचा हा अर्ज भरून द्याल का', 'न्हाणीघरातलं स्टूल महिनाभर वापरून बघायला मिळेल का', असं कामाचं नाव घेऊन मागा. आमच्याकडे स्टूल, वॉकर, काठ्या उसन्या द्यायची एक नोंदवही आहे. विकत घेण्याआधी वापरून पाहिलं की चुकीची वस्तू घरात धूळ खात पडत नाही. संस्थेला एखादं काम जमणार नसेल, तर ती सरळ नाही म्हणेल, नाही तर ते कुठे होतं ते सांगेल. दोन्हींचा उपयोग होतो.

या संस्था कशा उभ्या राहिल्या, ते मिस्टरांना सांगण्यासारखं आहे. १९४५ मध्ये सिल्व्हिया लॉरी या अमेरिकन तरुणीनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक छोटी जाहिरात दिली. भावाला एमएस होता. या आजारातून बरं झालेलं कोणी असेल तर संपर्क साधावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. उत्तरं आली ती मुख्यतः तिच्यासारख्यांचीच, तोच उपाय शोधणाऱ्यांची. त्यांनाच सोबत घेऊन तिनं १९४६ मध्ये संस्था काढली, आणि १९६७ मध्ये देशोदेशींच्या एमएस संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला त्यातही तिचा हात होता. भावाला बरं करणारं औषध तिला मिळालं नाही. समूळ बरं करणारं आजही नाही, पण आजाराचे झटके (नवी लक्षणं उद्भवणं किंवा जुनी बळावणं) कमी करणारी औषधं १९९३ पासून येत गेली आणि आज बरीच आहेत.

म्हणूनच एक मनापासून बजावते. बैठकीत कोणी 'मी औषध सोडलं, मला काही झालं नाही' म्हणेल. ऐका, पण तसं करू नका. काही औषधं एकदम बंद केली तर आजार उसळून येतो. 'बरं करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यापासूनही लांब राहा. २००९ नंतर मानेच्या शिरा रुंद करण्याच्या उपचाराची अशीच लाट आली होती. कित्येकांनी त्यासाठी परदेशवाऱ्या केल्या. नीट चाचण्या झाल्या तेव्हा उपयोग नसल्याचं दिसलं. चांगली संस्था उपचार विकत नाही.

प्रश्न : मला ताप आला आणि दोन दिवस पायच उचलेनात. हा नवा झटका समजायचा का? मला पुन्हा स्टेरॉइड घ्यावं लागेल का?

उत्तर : तापात जुनी लक्षणं डोकं वर काढतात. मज्जातंतूंना नवी इजा झालेली नसते, ताप उतरला की ती बहुधा ओसरतात. नवं लक्षण उद्भवलं किंवा जुनं बळावलं, ते निदान २४ तास टिकलं आणि अंगात ताप किंवा संसर्ग नसेल, तर झटका धरतात. तरी तुम्ही डॉक्टरांना फोन कराच, आणि लघवीची तपासणी करायची का, हे आवर्जून विचारा. एमएसमध्ये अनेकदा मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, तिथे संसर्ग साठतो आणि कधी कधी जळजळही जाणवत नाही. मी एकदा झटका समजून पाच दिवस रडत पडून होते. होता तो मूत्रमार्गाचा संसर्ग. स्टेरॉइडचं काय ते डॉक्टर ठरवतील, पण संसर्ग आहे का हे आधी कळायला हवं.

प्रश्न : आईची व्हीलचेअर आता वापरात नाही. एमएसच्या संस्थेला द्यायची आहे. शिवाय मी निवृत्त आहे, मला वेळही आहे.

उत्तर : व्हीलचेअर नेण्याआधी फोन करा. बैठकीची रुंदी टेपनं मोजून सांगा, ब्रेक दोन्ही बाजूंचे लागतात का ते पाहा. रुंदी माणसाच्या मापाची नसेल तर पाठ दुखते. तुमचा वेळ मात्र आम्हाला आजच हवा आहे. आठवड्यातले ठरलेले दोन तास द्या, आणि ते एकाच घरी. आमच्याकडच्या एका बाईंना दर गुरुवारी पत्रं आणि बिलं वाचून दाखवायला माणूस हवा आहे. त्यांना दुहेरी दिसतं, दोन ओळींनंतर अक्षरं एकात एक मिसळतात. तुमच्या जवळच्या संस्थेतही असं कोणीतरी असेल. फोन केलात की आधी तेच विचारा.