वाफसा, वापसा आणि आईची ‘घात’

प्रश्न एका निवृत्त शिक्षकांचा आहे. गाव परभणीकडचं, चाळीस वर्षं कविता लिहितात. सकाळचे दोन तास परसातल्या वांगी-गवारीत जातात आणि दुपारी जुन्या वह्यांतल्या कविता नव्या वहीत उतरवणं चालतं. वडिलांवरच्या कवितेत त्यांनी ‘डोळ्यांत वाफसा दाटला’ अशी ओळ लिहिली. एका दिवाळी अंकात ती ‘डोळ्यांत वापस दाटला’ अशी छापून आली. विचारणा केली तर ‘असा शब्द आम्हाला सापडला नाही’ हे उत्तर! घरात विषय निघाला तेव्हा कृषी पदवीला असलेली नात म्हणाली की तिच्या इंग्रजी नोट्समध्ये ‘व्हापासा’ आहे. सूनबाई सुरतच्या, त्या म्हणाल्या, आमच्याकडे याला ‘वराप’ म्हणतात. आणि यांना आठवलं की आई यातलं काहीच म्हणत नसे, ती ‘घात’ म्हणायची. आता त्यांचं विचारणं असं: वाफसा की वापसा, हा शब्द आला कुठून, आणि माझी ओळ बरोबर आहे ना?

सर, शब्द आहे, आणि चांगला रोजच्या वापरातला आहे. जूनमध्ये कुठलाही कृषी सल्ला उघडा, ‘वाफसा आल्यावर पेरणी करावी’ हे वाक्य भेटणारच. ‘वापसा’ही लिहितात, बोलण्यात तर तोच जास्त ऐकू येतो. छापील मजकुरात मी ‘वाफसा’ लिहितो. ‘वापस’ मात्र मोबाइलच्या कळफलकाची करामत दिसते, तिच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

ओळीबद्दल थोडं कडू बोलतो. अंकवाल्यांनी शब्द मोडला हे खरंच, पण ओळ त्याआधीच थोडी घसरली होती.

पाऊस पडून गेला किंवा पाणी दिलं की जमिनीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरतात. मग जास्तीचं पाणी खाली झिरपतं, मोठ्या पोकळ्या मोकळ्या होऊन त्यांत हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत ओल धरून राहते. मुळाला पाणी आणि हवा दोन्ही एकदम मिळतात, ती अवस्था म्हणजे वाफसा. तुमच्या वडिलांनी मूठभर माती दाबून गोळा केला असेल आणि कमरेच्या उंचीवरून सोडला असेल. गोळा झाला आणि पडल्यावर फुटून मोकळा झाला, की औत काढायचं. पडून चपटा झाला तर घरी जायचं. गोळाच वळला नाही तर उशीर झाला. मुरमाड रानात ही वेळ लवकर येते. तुमच्याकडच्या भारी काळ्या जमिनीत नीट उघडीप मिळाल्याशिवाय येत नाही, आणि आली की फार थांबतही नाही. आधी घुसलात तर माती दाबली जाऊन पुढे ढेकळं होणार, नंतर गेलात तर रान टणक.

म्हणजे वाफसा दाटत नाही. तो येतो, होतो. जमीन वाफशावर येते, पेरणी वाफशावर करतात. दाटतं ते पाणी, आणि ते ओसरल्यावर वाफशाची गोष्ट सुरू होते. तुम्हीच लिहिलंय की वडील गेल्यावर दोन वर्षं कागदावर काही उतरलं नाही आणि मग एका पावसाळ्यात एकामागून एक कविता आल्या. वाफसा तो! डोळे भरून आले तेव्हाचा नव्हे.

तरी गंमत पाहा, शब्दाची नाळ तुमच्या बाजूनं साक्ष देते. ‘वाफ’ हा संस्कृत ‘बाष्प’वरून आलेला, आणि संस्कृतात बाष्प म्हणजे वाफ तशी आसवंही. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतलेला सासरी धाडताना कण्वांचा कंठ दाटतो तो बाष्पानंच. तेव्हा डोळ्यांत ‘बाष्प’ दाटलं असतं तर मी तक्रार केली नसती.

‘वाफसा’ या ‘वाफे’पासून की ‘वप्’ म्हणजे पेरणे या धातूपासून, यावर वाद घालता येतो. वप् धातूचा गोतावळा मोठा आहे. वाप म्हणजे पेरणी, आणि अमरकोशात शेताच्या पर्यायांत ‘वप्र’ येतो. ‘वापसा’ हे रूप त्या घरात शोभून दिसतं. माझा कौल तरीही वाफेला. मराठीच्या बोलण्यात शब्दाच्या पोटातला महाप्राण, म्हणजे ख, थ, फ यांतला ‘ह’, सहज गळतो (भिक्खाची भीक झाली, हत्थचा हात झाला), त्यामुळे वाफसाचा वापसा होणं सोपं. उलट्या दिशेला ‘प’चा ‘फ’ व्हायला काही कारण लागेल. शिवाय पावसानंतर ऊन पडलं की काळ्या रानातून वाफ निघताना दिसते, ती ज्यानं पाहिली त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

नातीचा ‘व्हापासा’ परका नाही. विदर्भातले सुभाष पाळेकर (2016चे पद्मश्री) यांच्या नैसर्गिक शेतीत जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा असे चार आधार सांगतात. ती पद्धत आंध्र, हिमाचलकडे गेली, तिच्याबरोबर आपला शब्द रोमन लिपीत गेला आणि तिथला उच्चार घेऊन तुमच्या घरी परतला. हे ‘वापस’ होणं मात्र खरं! सूनबाईंचा ‘वराप’ अगदी याच अर्थाचा. पंजाबीत ‘वत्तर’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘हद’. मातीच्या या एका अवस्थेला सगळ्यांकडे स्वतंत्र शब्द आहे, आणि आपले शहरातले संपादक तो शोधत बसतात.

राहिली आईची ‘घात’. हा शब्द तुमच्याकडे, वऱ्हाडात, खानदेशात ऐकू येतो. वाफसा ही मातीची स्थिती, तर घात म्हणजे पेरायची, कोळपायची नेमकी वेळ. म्हणून घात साधतात, घात चुकते. आणि ही घात स्त्रीलिंगी. ‘तो घात’ वेगळा, गळा कापणारा. पुढच्या कवितेत आईचं ‘घात गेली रे’ हे वाक्य घेताय म्हणालात, तर मुद्रित तपासताना ‘गेली’वर बोट ठेवून बसा. तिथे कुणी ‘घात झाला’ केलं, तर आई पेरणीचं बोलत होती हे कुणालाच कळणार नाही.