दोन टप्प्यांत पॅकेट उडतात, नेटवर्क कोडिंगने नक्की किती सुटतं?

तुमचा प्रश्न असा की कोपरीच्या गच्चीवरून ऐरोलीच्या रिलेमार्गे रबाळ्याला डेटा पाठवताय, दोन्ही टप्प्यांत साधारण २० टक्के पॅकेट उडतात, कधी उडतील ते कळत नाही, तर नेटवर्क कोडिंगने, म्हणजे पॅकेट जशीच्या तशी न पाठवता त्यांची मिश्रणं करून पाठवण्याने, कपॅसिटी वाढेल का.

वाढणार नाही, पण आत्ता वाया जातेय ती हाताला लागेल. सोर्सलाच कोड लावला आणि रिलेने आलेलं नुसतं पुढे ढकललं तर पोचतं ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. रिलेने हातात असलेल्या पॅकेटांची नवीन मिश्रणं करून पाठवली तर ८० पर्यंत जाता येतं. त्याच्यावर काहीच नाही, सगळ्यात अरुंद टप्प्यातून जेवढं जातं तेवढंच. आता खरं सांगायचं तर प्रत्येक टप्प्यावर हरवलेलं परत मागवलं तरी ८० च्या जवळ जाता येतं, त्यामुळे एकच रिसीव्हर असेल तर एवढा खटाटोप करायचा की नाही ते आधी ठरवा.

खरी मजा दोन रिसीव्हर असले की. समजा रबाळ्याला पॅकेट अ हुकलं आणि घणसोलीला ब, तर अ आणि ब चा एक्सॉर (दोघांची बिट-बिट करून केलेली बेरीज, एक माहीत असलं की दुसरं त्यातून निघतं) एकदाच पाठवला की दोघांचं काम होतं. आल्स्वेडे, त्साय, ली आणि युंग या संशोधकांनी २००० साली हेच सिद्ध केलं, मल्टिकास्टमध्ये (एकच डेटा अनेकांना पाठवताना) प्रत्येक रिसीव्हरपर्यंतचा जो मिन-कट, म्हणजे वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागेतून जाऊ शकतं तेवढं, त्यातला सगळ्यात लहान आकडा कोडिंगने गाठता येतो. त्यांच्या बटरफ्लाय नेटवर्कमध्ये, म्हणजे दोन रिसीव्हरच्या फुलपाखरासारख्या उदाहरणात, नुसत्या राउटिंगने (पॅकेट न मिसळता पुढे पाठवून) प्रत्येक रिसीव्हरला एका फेरीत सरासरी १.५ पॅकेट मिळतात, कोडिंगने २.

आता ते "सांगता येत नाही" प्रकरण, इथेच बहुतेकजण गडबडतात. खाडीवरच्या लिंकला भरती-ओहोटीने पाण्यावरून येणारं परावर्तन बदलतं, लॉस वरखाली होतो, पण लांब पल्ल्याची सरासरी टिकत असेल तर कुठलं पॅकेट उडेल ते आधी माहीत असायची गरजच नाही, रँडम मिश्रणं पाठवत राहायचं आणि रिसीव्हर पुरे म्हणाला की थांबायचं. पण कोणी मुद्दाम बिघडवत असेल तर हिशोबच वेगळा. मिन-कट क आणि झ लिंक त्याच्या ताब्यात असतील, त्याला सगळं दिसत असेल, तर उरतं क वजा २झ. दुप्पट का, तर पॅकेट हरवलं की निदान हरवलंय हे कळतं, खोटं पॅकेट मात्र खऱ्यासारखंच दिसतं आणि मिश्रणातून पुढच्या सगळ्यात पसरतं. दोन्ही टोकांकडे आधीपासून गुप्त किल्ली (त्याला माहीत नसलेला कोड) असेल तर उरतं क वजा झ, म्हणून मी किल्ली वाटण्याबद्दल नेहमी एवढा हट्ट धरतो.

तुमच्यासाठी ३२ पॅकेटांचा गट आणि २५६ घटकांचं फील्ड (मिश्रणाचे गुणक ज्यातून निवडायचे तो आकड्यांचा संच) घ्या. १४०० बाइटच्या पॅकेटमागे गुणकांचे, म्हणजे कुठलं पॅकेट किती मिसळलं ते सांगणाऱ्या आकड्यांचे, ३२ बाइट जातात, जेमतेम सव्वादोन टक्के, आणि कुठलीही ३२ मिश्रणं पोचली की ९९ टक्क्यांहून जास्त वेळा गट सुटतो, म्हणजे मूळ पॅकेट परत मिळतात. नुसत्या एक्सॉरवर म्हणजे दोन घटकांच्या फील्डवर तीच शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा तिथे एकदोन मिश्रणं जास्त पाठवायला लागतील.