याक-३ म्हणायचं तरी कुणाला? एकाचं नाक लांब, दुसऱ्याचं गोल!

प्रश्न : ओझरला मिग बनायची त्यामुळे आमच्या घरी विमानांच्या गप्पा लहानपणापासून. परवा युरोपातल्या एअर शोचे दोन व्हिडिओ बघितले, दोन्हीवर नाव एकच, याक-३. पण एकाचं नाक लांब निमुळतं आणि दुसऱ्याचं चक्क गोल, डबा बसवल्यासारखं. यातलं खरं कुठलं? आणि याक-९ म्हणजे याच्या पुढचं मॉडेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : याक-३ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं याकोव्हलेवचं सोव्हिएत लढाऊ विमान. पण खरं सांगू का, तुमच्या व्हिडिओतली बहुतेक दोन्ही त्या युद्धातली नसणार. पण आधी नंबरांचा घोळ सोडवू, कारण तिथेच सगळे फसतात. याक-९ हे याक-३ च्या नंतरचं नाही, उलट आधीचं आहे. १९४० मध्ये याक-१ उडालं, त्याचं दोन सीटचं ट्रेनर केलं, ते ट्रेनर इतकं चांगलं निघालं की त्यालाच परत लढाऊ करून याक-७ झालं आणि त्यातून १९४२ च्या शेवटी, स्टालिनग्राडच्या वेळेला, याक-९ आलं. याक-३ वेगळ्या फांदीवरचं, थेट याक-१ ला बारीक करून बनवलेलं आणि आघाडीवर पोचलं १९४४ मध्ये. म्हणजे धाकट्याचा नंबर लहान, थोरल्याचा मोठा!

स्वभाव पण वेगळे. याक-९ म्हणजे कुठलंही काम सांगा असा माणूस, जास्त पेट्रोल भरून लांब पाठवा, ३७ मिलिमीटरची तोफ बसवा, सगळं चालायचं, म्हणून तर १६,००० च्या वर बनली. याक-३ जवळजवळ ४,८०० च बनली. पंखांची लांबी याक-९ ची ९.७४ मीटर, याक-३ ची ९.२, आणि सगळं भरून वजन फक्त २.७ टनांच्या आसपास, त्यामुळे कमी उंचीवर गर्रकन वळायचं. सोव्हिएत बाजूने लढणाऱ्या फ्रेंच पायलटांच्या नॉर्मंडी-निमेन रेजिमेंटने शेवटी हेच वापरलं आणि युद्ध संपल्यावर ही विमानं घेऊनच ते घरी गेले. त्यातलं एक आजही पॅरिसजवळ ल बुर्जेच्या म्युझियममध्ये उभं आहे, तुम्हाला अस्सल याक-३ बघायचं असेल तर ते बघा.

ओळखायचं कसं? नाकाखाली हनुवटीसारखा ऑइल कूलर लोंबत असेल तर याक-९, नसेल तर याक-३, कारण तिथे तो पंखांच्या मुळाशी नेला होता. "ज्या याकला हनुवटी नाही त्याच्याशी खाली भिडू नका" असा जर्मन पायलटांना हुकूम होता हा किस्सा तुम्ही वाचला असेलच, खरा-खोटा देव जाणे पण लक्षात ठेवायला बरा. गोची एवढीच की नंतरच्या याक-९यू ची पण हनुवटी गेली, मग ही दोघं लांबून सख्खी भावंडं दिसतात.

आता तुमचे व्हिडिओ. लांब नाकवालं बहुधा याक-३एम असेल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सांता मोनिकाच्या एका विमान म्युझियमसाठी रशियात ओरेनबर्गच्या कारखान्यात ही विमानं नव्याने बनवली, जुन्या ड्रॉइंगवरून, कंपनी पण याकोव्हलेवचीच. पुढे याक-९यूएम पण बनली. फक्त इंजिन अमेरिकन, अ‍ॅलिसन. मग ती नकली का? मी तरी नकली म्हणणार नाही, ज्या घरचं विमान त्याच घराने बनवलंय, पण युद्धात भाग घेतलेलं विमान म्हणून कोणी खपवलं तर ती थाप.

गोल नाकवाल्याची गोष्ट जास्त मजेची आहे. युद्धानंतर याक-३ वरून दोन सीटचं ट्रेनर केलं, याक-११, सात सिलिंडरचं ७०० हॉर्सपॉवरचं गोल इंजिन. चेकोस्लोव्हाकियात पण बनायचं, तिथे त्याचं नाव सी-११. इजिप्तने ही ढिगाने घेतली होती आणि १९८० च्या दशकात तिथली पडीक विमानं डझनावारी फ्रान्समध्ये आणली गेली. मग हौशी लोकांनी काय केलं, मागची सीट काढली आणि पुढे दणकट प्रॅट अँड व्हिटनी इंजिन बसवलं, कधी आर-२०००, म्हणजे आपल्या हवाई दलाच्या डकोटाला जे इंजिन होतं त्याचाच मोठा भाऊ. अशीच काही विमानं अमेरिकेत रिनोच्या विमान-शर्यतीत पण पळाली. यांना याक-३यू म्हणतात आणि ते अगदीच हवेतलं नाव नाही, १९४५ मध्ये खरंच गोल इंजिनाचं एक प्रायोगिक याक-३यू उडालं होतं, युद्ध संपलं म्हणून पुढे बनलं नाही. पोटाखाली बघा, रेडिएटरचं तोंड नसेल तर हेच, कारण हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला पाणी कशाला हवं.

थोडक्यात ट्रेनरचं लढाऊ आधी युद्धात झालं होतं, ते परत हौसेखातर झालं.

प्रश्न : पण मूळ रशियन इंजिनच का नाही बसवत? तेवढ्यासाठी अमेरिकन इंजिन म्हणजे पैठणीवर जीन्सचं जॅकेट वाटतं.
– तेच वाचक

उत्तर : हा हा, उपमा आवडली. अहो, मिळायला तर पाहिजे! याकचं मूळ इंजिन, क्लिमोव्हचं व्हीके-१०५, हे फ्रेंच हिस्पानो-सुइझावरून आलेलं, सुमारे १,३०० हॉर्सपॉवरचं, आणि युद्धात ही इंजिनं फार टिकवायची म्हणून बनवलेलीच नव्हती. आता पार्ट कुठून आणणार? अ‍ॅलिसन पण १२ सिलिंडरचं, पाण्याने गार होणारं, ताकद जवळपास तेवढीच, आणि अमेरिकेत त्याचे पार्ट आणि दुरुस्त करणारे हात दोन्ही आहेत.

उलट उदाहरण पोलिकार्पोव्हच्या आय-१६ या दुसऱ्या जुन्या सोव्हिएत लढाऊ विमानाचं. रशियात सापडलेले सांगाडे नोव्होसिबिर्स्कला दुरुस्त करून १९९० च्या दशकात न्यूझीलंडला वानाकाला उडवले, तिथे रशियन इंजिनच लागलं, कारण त्याच घराण्यातलं इंजिन एएन-२ या शेतीवर फवारणी करणाऱ्या विमानात नंतर कित्येक वर्षं चालू राहिलं. क्लिमोव्हला असं कोणी फवारणीवालं भेटलं नाही.