झाडावर काम करताना दोन स्वतंत्र दोर कसे सांभाळावेत?

दोन दोर लावले की ते सतत गुंततात आणि प्रत्येक हालचालीला दुप्पट वेळ लागतो, अशी आपली अडचण आहे. माझ्या अनुभवात हा वेळ घर्षणगाठी (दोरावर सरकणाऱ्या, पण वजन येताच आवळून धरणाऱ्या गाठी) सरकवण्यात कमी आणि एकमेकांवरून गेलेले दोर सोडवण्यात जास्त जातो. म्हणून कोणता दोर कोणत्या फांदीच्या कोणत्या बाजूने जाईल आणि बुंध्याला वळसा कोणत्या दिशेने घालायचा, हे जमिनीवर असतानाच ठरवून घ्यावे. ज्या बाजूने गेलो त्याच बाजूने परतावे, कारण बुंध्याभोवती पूर्ण फेरी झाली की दोन्ही दोरांना पीळ बसतो. दोर वेगवेगळ्या रंगांचे असावेत आणि डावीकडचा दोर हार्नेसला (अंगाला बांधलेल्या सुरक्षा-पट्ट्याला) डावीकडेच जोडावा.

कोणत्याही क्षणी एकच दोर मुख्य मानावा. दुसऱ्यावर भार नसला तरी तो ढिला पडू देऊ नये, कारण मुख्य दोर निसटल्यास तेवढ्या ढिलाईइतके आपण खाली पडतो आणि बसणारा झटका शरीराला व आधाराच्या फांदीला सोसावा लागतो. घर्षणगाठीच्या लगेच खाली छोटी कप्पी लावल्यास दोराचे खालचे टोक ओढताच गाठ वर सरकते आणि हे काम एका हाताने होते. माझ्या मते दोन दोर वापरणाऱ्याने सर्वांत आधी हीच सोय करून घ्यावी. एक दोर सोडून पुढच्या बेचक्यात टाकायचा असेल, तर आधी संपूर्ण वजन दुसऱ्यावर टाकावे, गाठ धरते आहे याची खात्री करावी आणि मगच पहिला सोडावा.

आधाराच्या जागा एकमेकींपासून दूर असल्यास फांदीच्या टोकाशीही स्थिर राहता येते. मात्र दोन्ही बाजूंनी सारख्या ताणलेल्या दोरांमधील कोन १२० अंश झाला की प्रत्येक बाजूवर आपल्या पूर्ण वजनाइतका ताण येतो आणि आधाराच्या फांद्या आडव्या ओढल्या जातात, म्हणून कोन शक्यतो अरुंद ठेवावा.

दोरांची खाली लोंबणारी टोके दोन वेगळ्या बाजूंना सोडावीत किंवा पिशवीत भरावीत आणि प्रत्येक टोकाला अडथळ्याची गाठ मारावी, म्हणजे घर्षणगाठ टोकावरून निसटणार नाही. फांदी तोडण्यापूर्वी ती टोके पडण्याच्या जागेतून दूर केली आहेत का, हे खालच्या सहकाऱ्याला विचारावे. चेनसॉ सुरू करण्याआधी दोन्ही दोर कापाच्या रेषेबाहेर आहेत हे डोळ्यांनी पाहावे. ताणलेला दोर पात्याच्या ओझरत्या स्पर्शानेही तुटू शकतो.