मंगळाचे कक्षेतून घेतलेले रंगीत आणि थ्रीडी फोटो घरी कसे प्रोसेस करतात? त्यातले रंग खरे असतात का?

शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलं नसतंत तर मी पुढे गेलो असतो. आमचे दाजी दर दिवाळीला फराळ करताना मला हेच विचारतात, आणि मी तोंड उघडेपर्यंत चकली मोडून दुसऱ्या विषयावर जातात.

मी प्रिंटिंगवाला. नाशकात सातपूरच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये बावीस वर्षं प्लेटा केल्या. फोर-कलर छपाईच्या चारही पॉझिटिव्ह फिल्म काळ्याच असतात. कुठली प्लेट कुठल्या शाईला लावायची ते आपण ठरवतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याचंही तेच. तो तीन पट्टे टिपतो: निळा-हिरवा एकत्र, लाल, आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त. तिन्ही ब्लॅक अँड व्हाइट. अवरक्त लालच्या जागी, लाल हिरव्याच्या जागी, निळा-हिरवा निळ्याच्या जागी बसवला की झाला रंगीत फोटो. तोही, २०२३पर्यंतच्या फोटोंत, फक्त मधल्या सव्वा किलोमीटरच्या पट्टीत, सहा किलोमीटर रुंदीतल्या बाकी भागात नुसता लाल पट्टा.

रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, मात्र हलतं. तीन रंगांचे सेन्सर एकाच जागेवरून क्षणभर पुढेमागे जातात, तेवढ्यात यान किंचित थरथरतं आणि खडकांच्या कडेला रंगीत झालर सुटते. भिंग लावून ज्याने रजिस्टर मार्क जुळवलेत त्याला ती लगेच खटकते. तयार फाइलींत हे बरंचसं दुरुस्त केलेलं असतं. कच्च्या डेटापासून सुरुवात करायची असेल तर यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं आयसिस सॉफ्टवेअर शिका, उंचीचं मॉडेल हवं असेल तर नासा एम्सची स्टिरिओ पाइपलाइन. नुसता लाल-निळ्या चष्म्याचा फोटो करायला गिम्प हा फोटो एडिटर पुरे.

आता २०१५चा गणपती. मंगळयानाला मंगळाभोवती पोचून २४ सप्टेंबरला वर्ष होणार होतं, म्हणून आमच्या कॉलनीच्या मंडळाने देखावा मंगळाचाच ठरवला. मी व्हिक्टोरिया विवराचे दोन फ्लेक्स केले, एक रंगीत, एक थ्रीडी. साधारण आठशे मीटरचा खड्डा, कातरलेल्या कडा, तळाशी वाळूच्या लाटा. पोरांनी मेन रोडवरून जिलेटिन पेपर आणून पुठ्ठ्याचे दोनशे चष्मे चिकटवले.

पहिल्या संध्याकाळी एक चिमुरडी चष्मा लावून म्हणाली, "काका, केवढा डोंगर!"

माझ्या पोटात गोळा. थ्रीडीला एकाच जागेचे दोन कोनांतून घेतलेले दोन फोटो लागतात; त्यातला पश्चिमेकडून घेतलेला डाव्या डोळ्याला, म्हणजे लाल चॅनेलला जायला हवा. मी अदलाबदल केली होती. दुसऱ्या दिवशी सिंहस्थाचं तिसरं शाही स्नान, रस्ते बंद, नवा फ्लेक्स मिळणार कुठून? रात्री डोकं चाललं: फ्लेक्स उलटा टांगला की डावं-उजवं आपोआप बदलतं. टांगला. खड्डा खड्ड्यात गेला. फक्त खालच्या शुभेच्छुकांचे फोटोही डोकं खाली पाय वर झाले, त्यांच्यावर जुनी साडी बांधावी लागली.

आणि नेमके तेव्हाच दाजी आले. शेजारचा रंगीत फ्लेक्स सरळ, हा उलटा. "एकाच खड्ड्याचे दोन फोटो आणि एकमेकांशी जुळत नाहीत! रंगही तूच भरलेस ना? मंगळावर निळी वाळू कुठून आली? आपल्या मंगळयानाचे बघ, खरे रंग." सगळ्या कॉलनीसमोर.

तेव्हा सुचलं नाही ते आता लिहितो. दाजी, काठावरचे ते गडद फराटे बसाल्टच्या वाळूचे. आपल्या पांडवलेण्याचा कातळ बसाल्टच. गंजलेल्या धुळीच्या मानाने तो अवरक्त कमी परावर्तित करतो, म्हणून त्या जुळणीत निळा उतरतो. मोजलेला फरक आहे, मी भरलेला रंग नाही. आणि मंगळयानाच्या कॅमेऱ्यात मोबाइलसारखाच बायर फिल्टर होता. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलांवरून हिशोबाने भरतात. मग खरा कुठला?

मंगळ लालभडकही नाही. जुन्या गुळाच्या ढेपेसारखा आहे. ऑटो-कलर दाबून जो शेंदूर फासतात त्यांचं मला काही ऐकवू नका.

थोडं मागे घेतो. डोळ्याला जसं दिसेल त्याच्या जवळ मंगळयानाचेच फोटो आहेत, आणि लांबलचक कक्षेमुळे अख्खा गोल एका फ्रेममध्ये त्याने घेतला तसा हायराइजला जमायचा नाही. डावं-उजवं मी सांगितलं ते हायराइजच्या जोडीला लागू, कारण ती वेगवेगळ्या फेऱ्यांत आडव्या अंतराने घेतात. युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानाचा कॅमेरा एकाच फेरीत पुढे आणि मागे बघतो, तो फोटो नव्वद अंशांत फिरवावा लागतो. म्हणून त्यांच्या चित्रांत उत्तर बहुधा उजवीकडे असते.

आणि हो, त्या रंगीत फ्लेक्सवर सायन, म्हणजे हिरवट निळा, मी थोडा चढवला होता, मांडवाच्या दिव्यात उठून दिसावा म्हणून. खाली तसं लिहायला हवं होतं. चष्म्याला निळा नव्हे, सायन फिल्टर घ्या; जिलेटिनमधून दुसऱ्या डोळ्याचं चित्र झिरपतं. छापायच्या आधी स्वतः चष्मा लावून बघा, मी बघितला नव्हता.